पेलेट ग्रिलच्या हॉपरला मागून दार बसवा, लाकूड बदलायला डबड्याने उपसत बसू नका

पेलेट ग्रिल म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर, पेलेटवर, चालणारं विजेचं ग्रिल: पेलेट हॉपर नावाच्या डब्यात ओतायचे, तिथून ऑगर, म्हणजे नळीत फिरणारं मळसूत्र, ते फायरपॉटमध्ये, म्हणजे जळायच्या भांड्यात, ढकलतो. हॉपर रिकामा करायचाय ना, मग व्हॅक्यूम लाव, नाहीतर डबड्याने उपस, हा सल्ला मला आतापर्यंत दहा जणांनी तरी दिलाय आणि त्यातल्या एकानेही दर शनिवार-रविवार लाकूड बदललेलं नाही हे मी लिहून देतो. एकदा करून बघा. कोपरापर्यंत हात आत, नाकात भुसा, व्हॅक्यूमच्या पाइपात पेलेट अडकून खडखडाट, आणि एवढं करून तळाशी दोन पाउंड राहतातच.

आम्ही राहतो ह्यूस्टनच्या बाहेर. शनिवारी चिकन किंवा ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस), ते हिकरीच्या उग्र धुराच्या लाकडावर. रविवारी शाकाहारी मित्रमंडळी आली की पनीर, भुट्टे, भरताची वांगी, त्याला मला चेरी नाहीतर सफरचंदाचं लाकूड लागतं (जाळ्या वेगळ्या ठेवतो, ते सांगायला नको). पहिल्या वर्षी मी काय करायचो, तर उरलेल्या हिकरीवर सरळ चेरी ओतायचो आणि चेरीचा धूर दिला म्हणून सगळ्यांना सांगायचो. आई तेव्हा पुण्याहून आली होती, तिने पनीरचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, अरे, दूध करपल्यासारखं लागतंय हे. बरोबरच होतं तिचं. हॉपरमध्ये जे खाली असतं ते आधी जळतं, म्हणजे वरून चेरी ओतली तरी पनीरला पहिला तासभर हिकरीच मिळणार. आणि पनीर तासाभरातच होतं! पेलेट ग्रिलचा धूर तसा सौम्य असतो हे खरं, पण दुधाचे पदार्थ धूर झटकन धरतात, तिथे लाकूड कुठलं ते कळतंच.

तुमचं ग्रिल नवीन असेल आणि हॉपर रिकामा करायचं दार कंपनीने दिलेलं असेल तर हे सगळं सोडा आणि शेवटचा ऑगरचा भाग तेवढा वाचा. पेलेट ग्रिल आलं अमेरिकेतल्या ओरेगनमधून, जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात ते बनवून त्याचं पेटंट घेतलं, २००६ च्या सुमारास पेटंट संपलं आणि मग बऱ्याच कंपन्या यात उतरल्या. तरी मागचं दार सगळ्यांनी दिलं असं नाही. माझ्यात नव्हतं. आणि हो, ग्रिलला भोक पाडलंत की वॉरंटी गेली असं समजा, वॉरंटीत असेल तर ती संपेपर्यंत उपसा.

सामान: दोन फूट बाय एक फूट स्टीलचा पत्रा, पत्रा कापायची कात्री, जिगसॉ आणि त्याचं धातूचं बारीक दातांचं पातं, ड्रिल, पॉप रिव्हेट (पत्रे जोडायच्या खिळ्या), कानस, जाड हातमोजे, चष्मा, ॲल्युमिनियमची चिकटपट्टी. प्लास्टिकचा पाइप वापरू नका. नळाच्या सामानातला पांढरा पाइप आणि त्याचं फिरकीचं झाकण लावून पाच मिनिटांत काम होतं असं सांगणारे भेटतील, पण कधी आग ऑगरमधून मागे हॉपरकडे सरकली तर तो पाइप वितळून पेटणार. क्वचित होतं, पण होतं. जस्त चढवलेला पत्रा हॉपरला चालतो, कारण तिथे हाताला कोमट लागण्यापलीकडे काही तापत नाही, पण तोच पत्रा फायरपॉटच्या आसपास कुठेही लावू नका, जस्ताचा धूर विषारी असतो.

प्लग काढा, हॉपर रिकामा करा (हे शेवटचं उपसणं), मागचा आणि खालचा पत्रा काढा, वायरींचे चारही बाजूंनी फोटो काढा.

आता हॉपर ग्रिलपासून उतरवा. जागच्या जागी कापता येतं म्हणतात, येतं, मीही तसंच केलं पहिल्यांदा आणि उकिडवं बसून तीन तास मान मोडली. माझ्या ग्रिलमध्ये इग्निटरच्या (पेलेट पेटवणाऱ्या कांडीच्या) वायरी सोडवल्या आणि चार बोल्ट काढले की हॉपर ऑगरसकट बाहेर येतो, वीस मिनिटांचं काम आहे. जड असतो, कुणालातरी हाताशी घ्या.

इथून पुढे मात्र सावकाश, कारण माझं पहिलं भोक चुकलं ते इथेच. हॉपर आतून नरसाळ्यासारखा असतो, चारी बाजूंनी उतार आणि तळाशी ऑगरची घळ. मागचा उतार आणि हॉपरची बाहेरची मागची भिंत यांच्यामध्ये एक तिरकी पोकळी असते, त्यातूनच वायरी जातात, काहींमध्ये फॅनही तिथेच. म्हणजे भोकं दोन पाडायची, एक आतल्या उतारात, एक बाहेरच्या भिंतीत, आणि दोन्हींना जोडणारी पत्र्याची घसरगुंडी. मी काय केलं, जिथे हात सहज पोचतो तिथे, तळापासून दोन इंच वर, आतलं भोक पाडलं. दिसायला छान दिसत होतं. दार उघडलं, धो धो पेलेट पडले, मी खूश, बायकोला हाक मारून दाखवलं. ती आत डोकावून म्हणाली, अर्धा डबा तर आहे अजून. दोन इंच ऐकायला काही वाटत नाही, पण पेलेटचा ढीग भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तसाच बसून राहतो, आणि तोच ढीग पुढच्या वेळी सगळ्यात आधी ऑगरमध्ये जातो. म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. ते भोक मी पत्र्याचं ठिगळ मारून बुजवलं, आजही हॉपर उघडला की आधी ते ठिगळ दिसतं.

तेव्हा आतल्या भोकाची खालची कड उताराच्या अगदी तळाला आणा, जोडाला मजबुतीपुरता अर्धा इंच पत्रा सोडून. जास्त नको. आकार चौकोनी, तीन इंच रुंद आणि दोन इंच उंच. गोल भोक पाडायला सोपं असतं पण गोलाची खालची बाजू एका बिंदूलाच टेकते, दोन्हीकडचे पेलेट मागे राहतात. आणि दोन इंचापेक्षा लहान केलंत तर पेलेट एकमेकांत अडकून कमान धरतात, मग बोटाने टोचत बसा.

बाहेरचं भोक कुठे येणार हे मेजटेपने मोजू नका, चुकतं. आतल्या चौकोनाच्या मध्यावर ३ मिलिमीटरचं बारीक भोक पाडा आणि त्यातून कबाबाची सरळ शीग मागे आणि खाली अशी घाला. उतार ४५ अंश तरी हवा, त्यापेक्षा कमी असला तर पेलेट घसरत नाहीत, रांगतात. शीग बाहेरच्या भिंतीला जिथे टेकेल तिथे घसरगुंडीचं बाहेरचं तोंड. आता खालून टॉर्च मारून बघा, शिगेच्या वाटेत काय येतंय. वायरी आल्या तर बाजूला करून बांधता येतात. मोटर किंवा फॅन आला तर शीग डावी-उजवीकडे सरकवून परत बघा. हे पाच-सहा वेळा करायला लागलं तरी करा, पत्रा एकदा कापला की कापला. जागा पक्की झाली की पुठ्ठ्याची घसरगुंडी करून बसवून बघा, मग तोच पुठ्ठा पत्र्यावर ठेवून आखा.

कापायच्या आधी ऑगरच्या तोंडात फडकं कोंबा. पत्रा कापताना जो कीस पडतो तो सगळा तळाला जातो, तिथून ऑगरमध्ये, आणि तिथे तो मळसूत्र आणि नळी यांच्यामध्ये बसला की मोटर कण्हायला लागते. आता महत्त्वाचं. त्या फडक्याला हातभर लांब रंगीत दोरी बांधा आणि दोरीचं दुसरं टोक हॉपरच्या झाकणाला बांधा, झाकण बंदच होऊ नये अशी. माझं फडकं पेलेटच्या रंगाचं होतं. दुसऱ्यांदा भोक पाडून, सगळं झाडूनपुसून, हॉपर परत चढवून, संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून घाईघाईत पेलेट ओतले आणि ग्रिल चालू केलं. ऑगरने फडकं अर्धा वीत आत ओढलं आणि मोटरच्या दांड्याची पिन तुटली. त्या दिवशी पाहुण्यांनी पिझ्झा खाल्ला. ती पिन तुटावी म्हणूनच कच्ची केलेली असते, नाहीतर मोटरच गेली असती, पण फडकं काढायला अख्खा ऑगर बाहेर ओढावा लागला, त्यात रविवार गेला.

चार कोपऱ्यांना ड्रिलने भोकं, मग जिगसॉ. कडा कानशीने घासून गुळगुळीत करा, हात तिथूनच जाणार आहे पुढची दहा वर्षं. कीस व्हॅक्यूमने ओढा, मग ओल्या कापडाने पुसा, मग फडकं काढा. काढलं का? परत बघा.

घसरगुंडी रिव्हेटने दोन्ही भिंतींना बसवा. रिव्हेटची डोकी पेलेटच्या बाजूला आणि शेपट्या पोकळीत, उलटं केलंत तर प्रत्येक शेपटीवर पेलेट अडकतात.

दार म्हणजे नुसती सरकती पट्टी, दोन्हीकडे दुमडलेल्या पत्र्याच्या खोबणीत. ती आतल्या भोकालगत हवी, बाहेरच्या तोंडाला नको, नाहीतर घसरगुंडीत कायम जुन्या पेलेटची मूठ साचून राहते, दार उघडलं की आधी ती बादलीत. आतल्या भोकाच्या मागच्या अंगाला पट्टी आडवी, तिला लांब दांडा, दांडा बाजूच्या भिंतीतल्या फटीतून बाहेर. पट्टी आपोआप सरकू नये म्हणून दांड्याला एक फुलपाखरी नट. फटी राहिल्या असतील तिथे ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवा आणि हे टाळू नका, कारण हॉपर हवाबंद नसला तर फायरपॉटमधला धूर ऑगरमधून मागे यायला वाट मिळते आणि त्या वाटेने आगही येऊ शकते. झाल्यावर ग्रिल रिकामं असताना अर्धा तास ३५० फॅरनहाइटला चालवून दाराशी नाक लावा. धुराचा वास आला तर अजून चिकटवा.

आता ऑगर. दार कितीही चांगलं बसलं तरी ऑगरच्या नळीत जुने पेलेट भरलेलेच राहतात, ते दारातून येत नाहीत. इथे दुसरा वाईट सल्ला मिळतो, प्राइमचं बटण (ऑगर नुसता फिरवणारं) दाबून ते फायरपॉटमध्ये ढकलून दे. दिलेत ढकलून, मग ते काढणार कोण? फायरपॉट काठोकाठ भरलेला असताना ग्रिल पेटवलं तर आधी पांढरा दाट धूर होतो आणि मग एकदम भडका उडतो, झाकण उचललं जाईल इतका. माझं साधं गणित आहे, जुने पेलेट ग्रिल तापवण्यातच जाळा. हॉपर रिकामा करून नवीन लाकूड ओता, ३५० ला चालू करा, वीस-पंचवीस मिनिटं काही ठेवू नका, मग तापमान खाली आणून पनीर ठेवा. तुमच्या ग्रिलला किती वेळ लागतो ते एकदा मोजून घ्या: ऑगर पूर्ण रिकामा असताना पेलेट ओतून चालू करा आणि पहिला पेलेट फायरपॉटमध्ये टक्कन पडेपर्यंत घड्याळ लावा. पेटल्यावर ऑगर थांबत थांबत फिरतो, म्हणून त्या वेळाच्या तिपटीने थांबा.

शिजत असताना मध्येच लाकूड बदलायचं असेल, ब्रिस्केटला आधी हिकरी आणि नंतर ओक वगैरे, तर दाराला हात लावू नका. माझं ग्रिल २२५ ला तासाला साधारण एक पाउंड खातं. तीन तासांची हिकरी हवी तर तीन पाउंड वजन करून ओता, ती संपत आली की वरून ओक. मांस धूर धरतं ते सुरुवातीला, थंड आणि ओलसर असताना, म्हणून चांगलं लाकूड आधी घाला, सहा तासांनंतर काय जळतंय त्याने फारसा फरक पडत नाही. पिशवीवर मोठ्या अक्षरांत चेरी लिहिलेलं असतं तेव्हा मागचं बारीक अक्षरही वाचा, बऱ्याच पिशव्यांत ओक किंवा अल्डर जास्त आणि चेरी नावाला असते. घर तापवायच्या शेगडीचे स्वस्त पेलेट तर अजिबात नको, त्यात पाइनसारखं लाकूड असू शकतं.

बाहेर काढलेले पेलेट चाळणीतून चाळा, भुसा फेकून द्या, तोच खाली साचून ऑगर अडवतो. बाकीचे झाकणाच्या बादलीत, ५ गॅलनच्या बादलीत २० पाउंडाची पिशवी आरामात मावते. ह्यूस्टनच्या दमट हवेत हॉपरमध्ये पेलेट महिनाभर पडू दिलेत तर ते फुगून भुशाचं सिमेंट होतं, मग दार बसवलंय की नाही याला काही अर्थ नाही, छिन्नी घ्या. बादल्यांवर नावं लिहा, झाकणावर नको, बादलीवर लिहा. झाकणं बदलतात. आमच्याकडे एकदा मेस्किटचं (तेही उग्र धुराचं लाकूड) झाकण सफरचंदावर गेलं होतं आणि त्या रविवारचं भरीत कुणीच दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.