पर्यावरण शिकवायचंय? आधी शाळेतला गळका नळ शोधा

सरकारी शाळेत पर्यावरण शिकवायचं म्हटलं की बहुतेक वेळा ५ जूनला चित्रकला स्पर्धा होते, घोषणा देत एक फेरी निघते आणि पाहुण्यांच्या हातून रोप लावतानाचा फोटो निघतो, झालं पर्यावरण. मीही वर्षानुवर्षं हेच केलंय त्यामुळे नाकं मुरडत नाहीये. एका वर्षी आम्ही ४० रोपं लावली, मोठ्या सुट्टीनंतर येऊन बघतो तर जिवंत ३, बाकी आळ्यांमध्ये नुसत्या काड्या. एका पोरीनं विचारलं, सर सुट्टीत पाणी कोण घालणार होतं? मी गप्प, कारण ते काम कुणाला दिलेलंच नव्हतं.

१९७७ मध्ये जॉर्जियातल्या (तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या) तिबिलिसीला युनेस्को आणि यूएनईपी म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं पर्यावरण शिक्षणावर मोठी परिषद घेतली होती, त्यात शिक्षणाची उद्दिष्टं पाच सांगितली, जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि सहभाग. आपली गाडी दुसऱ्यावरच अडकते. पोरांना ओझोनचा थर तोंडपाठ असतो पण वर्गाबाहेरच्या झाडाचं नाव विचारा, एकमेकांची तोंडं बघतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेच्या आवारातली एक खरी गोष्ट घ्या, पोरांना ती मोजू द्या आणि मग ती सुधारायचा अधिकारपण त्यांच्याच हातात द्या. हा शेवटचा भाग सोडला तर बाकी सगळं परत प्रोजेक्टच्या फाईलमध्ये जाऊन बसतं.

सुरुवात अशी करा. एक तास घ्या, पोरांना चार-पाच जणांच्या गटात आवारात सोडा आणि तीनच प्रश्न द्या: पाणी कुठे वाया जातंय, कचरा कुठे साचतोय, काय काय जिवंत दिसतंय. लेक्चर द्यायचं नाही, मागे मागे फिरायचं नाही. पोरांना जे दिसतं ते आपल्याला दहा वर्षं दिसलेलं नसतं, हे अनुभवाने सांगतो. परत आल्यावर यादी फळ्यावर लिहा आणि त्यातली एकच गोष्ट निवडा, एकच, तीन घेतल्या की तिन्ही अर्धवट राहतात.

पहिल्यांदा करत असाल तर गळका नळ घ्या. याच्याइतकं सोपं आणि लगेच निकाल दाखवणारं काही नाही. नळाखाली भांडं ठेवायचं, घड्याळ लावून १५ मिनिटं थांबायचं, मग प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात पाणी ओतून बघायचं. समजा १५० मिली भरलं, म्हणजे तासाला ६०० मिली, दिवसाला १४.४ लिटर आणि वर्षाला ५,२५६ लिटर. हे गणित तुम्ही फळ्यावर करून दाखवलंत तर कुणी ढुंकून बघणार नाही, पण स्वतः भांड्याजवळ उकिडवं बसून टप टप ऐकलेल्या पोराला तो आकडा खरा वाटतो. आमच्याकडे गणितात कायम मागे बसणारा एक मुलगा होता, त्याने तीनदा मोजलं, तिन्ही वेळेचं मोजमाप वेगळं आलं म्हणून स्वतःहून सरासरी काढली, मला न विचारता.

मग पुढची पायरी, जी लोक विसरतात. पोरांनी मुख्याध्यापकांना अर्ज लिहायचा, त्यात नळ कुठला, किती पाणी जातं, आम्ही कसं मोजलं, काय दुरुस्ती लागेल हे सगळं. बऱ्याचदा नुसता वायसर बदलायचा असतो, तो शिपाईकाका पोरांसमोरच बदलून दाखवतील, त्यांना आधी विश्वासात घ्या, नाहीतर आपल्या चुका काढायला पोरं आलीत असं त्यांना वाटतं आणि ते बरोबरच आहे. दुरुस्तीनंतर परत १५ मिनिटं भांडं ठेवायचं. मोजपात्रात शून्य आलं की पोरं जे ओरडतात ना, ते ऐकण्यासारखं असतं. आणि अर्ज नामंजूर झाला तर? तेही शिकणंच आहे, दुसरा अर्ज लिहायचा, आकडे जास्त पक्के करून.

पावसाळ्यात हेच छपरावर करता येतं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं, एवढं एक वाक्य पुरतं. छप्पर २०० चौरस मीटरचं असेल तर १० मिमी पावसात २,००० लिटर, थोडं वाया जातं ते सोडा. छपराची लांबी-रुंदी पोरांनी जमिनीवरून भिंतीलगत टेप धरून मोजायची, वर चढायचं अजिबात नाही.

खताचा खड्डा दुसऱ्या वर्षी घ्या, पहिल्या नको. आमचा पहिला खड्डा इतका वास मारायला लागला की शेजारच्या वर्गाने खिडक्या बंद केल्या आणि स्टाफरूममध्ये माझं जे काही झालं ते जाऊ दे. चूक साधी होती, आम्ही नुसती फळांची सालं आणि डब्यातलं उरलेलं टाकत गेलो. ओल्याच्या दोन-तीन पट कोरडा पालापाचोळा लागतो, नाहीतर मधे हवा राहत नाही, मग बिनहवेत वाढणारे जिवाणू ताबा घेतात आणि वास सुटतो. ओल किती हवी तर मूठभर घेऊन दाबायचं, पिळलेल्या स्पंजसारखं लागलं पाहिजे, पाणी गळलं तर पाला वाढवा. वास आला तर खड्डा बुजवू नका, पाला घाला, वरखाली करा आणि पोरांनाच विचारा असं का झालं असेल, अख्ख्या धड्यापेक्षा हा एक तास भारी होतो. हात साबणाने धुणं मात्र सक्तीचं.

झाडं लावायचीच असतील तर पोरांना सांभाळता येतील तेवढीच लावा, मग ती पाच का असेनात. आधीची मोठी झाडं असतील तर अजून बरं, प्रत्येक गटाला एक झाड द्या, जमिनीपासून १.३ मीटरवर दोरीने घेर मोजायचा, पानं कधी गळली, फुलं कधी आली, कोण येऊन बसतं ते वहीत लिहायचं. किंवा १ मीटर बाय १ मीटरचा दोरीचा चौकोन टाकून त्यात किती प्रकारची रोपं आणि किडे सापडतात ते मोजा, एकदा मैदानात आणि एकदा कुंपणाजवळच्या गवतात. फरक बघून पोरं स्वतःच म्हणतात की तिथलं गवत सारखं सारखं कापू नका.

पोर्शन कधी संपवायचा हा प्रश्न येणारच. वेगळा तास मागू नका, मिळणार नाही. मोजमाप आणि सरासरी गणितात जाते, अर्ज भाषेच्या तासाला, कुजणं विज्ञानात, पाणी शाळेत येतं कुठून हे भूगोलात. वर्गात ६० पोरं असतील तर सगळ्यांना एकदम बाहेर काढू नका, एक गट बाहेर आणि बाकीचे आदल्या दिवशीचे आकडे मांडतात, आलटून पालटून.

लहान वर्गांना जग बुडणार, प्राणी संपणार असलं काही सुरुवातीलाच सांगू नका हो. घाबरलेलं पोर काही करत नाही, विषयच टाळतं. त्यांना आधी मुंग्यांची रांग बघू दे. मोठ्यांना हवामान बदल नीट आकड्यांसकट सांगा, पण त्यांच्या हातात करायला काहीतरी असताना.

आणि सुट्टी. सुट्टी लागायच्या दोन आठवडे आधी पाण्याच्या पाळ्या लावा, शाळेजवळ राहणारी पोरं, शिपाईकाका, एखादे पालक, प्रत्येकाचं नाव आणि वार कागदावर लिहून फाटकाजवळ चिकटवा. वही वर्षाच्या शेवटी कपाटात टाकू नका, सातवीच्या पोरांनी ती सहावीच्या पोरांना आवारात फिरवून, नळ आणि झाडं दाखवत द्यायची. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर अजून त्या ४० रोपांचा हिशोब आहे, समोर लाल पेनाने ३ लिहिलेलं, मी खोडू दिलेलं नाही.