जवारीचा दोरा आणि रंगांची कड

संगीतावर चित्र काढायचे म्हणजे तंबोरा घेऊन बसलेला गवई रंगवायचा, अशी माझी सुरुवातीची समजूत होती. ती सुटल्यावर मी प्रत्येक स्वराला एकेक रंग नेमून दिला आणि पाच स्वरांच्या भूप रागाचे पाच पट्ट्यांचे चित्र काढले. चित्र नीटनेटके झाले, पण त्यात भूप नव्हता. या वाटेने येऊ पाहणारे विद्यार्थी बहुधा येथेच अडतात.

माझी अडचण सुटली ती मिरजेतील एका सतारमेकरांच्या कारखान्यात. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेच्या स्वराला येणारी गुंजती झळाळी, लावताना ते घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा जरासा घासत, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत आणि तार छेडून कान देत. दोरा केसभर पुढे गेला की तोवर कोरडा वाटणारा स्वर एकाएकी खुलत असे. तार तीच, भोपळाही तोच. बदलत होती ती केवळ स्पर्शाची जागा. चित्रातही एक रंग दुसऱ्याला जेथे टेकतो त्या कडेवरच सारे अवलंबून असते, हे मला त्या दिवशी उमगले. तेव्हापासून रंग निवडण्यापेक्षा कड ओली ठेवावी की कोरडी, याचा विचार मी अधिक करतो.

जानेवारी १९११ मध्ये म्युनिक येथे संगीतकार शोनबर्ग यांची मैफल ऐकल्यावर चित्रकार कांडिन्स्की यांनी जे चित्र केले, त्यात पियानोचा काळा आकार उरला आहे आणि बाकी चित्रभर पिवळा पसरला आहे. आपल्याला तो पिवळा उसना आणण्याचे कारण नाही. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे चालू असताना पोत्यांवर, हमालांच्या हातांवर आणि उन्हाच्या तिरिपेतही तो दिसतो.

विद्यार्थ्यांनी इलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा शाळेत असतानाच द्याव्यात आणि बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन चित्रकलेच्या चार वर्षांच्या पदवीकडे वळावे. मात्र कान तयार करण्याचे काम कोणताही अभ्यासक्रम करून देत नाही. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गायक अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ जो संगीत महोत्सव होतो, त्यात रात्रभर बसावे, पण वही उघडू नये. घरी आल्यावर लगेच, झोपण्यापूर्वी, फक्त कोळशाने एक कागद भरावा; विलंबित ख्याल किती सावकाश उलगडला, ते हाताच्या वेगात अजून शिल्लक असते.