कारच्या बॅटरीसाठी चार्जर घेताय? या चुका टाळा

माझे मामा बोटीवर आहेत. काही महिने समुद्रात, मग दोन-तीन महिने घरी. एकदा ते पावसाच्या तोंडावर गेले आणि चवथीच्या आदल्या दिवशी परतले. गोव्यात फोंड्याच्या घरी पोर्चमध्ये उभी असलेली गाडी सेल्फच घेईना, नुसतं टक् टक्. ओळखीच्या एका गॅरेजमधून जुना, जड, लोखंडी पेटीचा चार्जर आणला, संध्याकाळी लावला आणि सगळे गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायच्या गडबडीत लागलो. सकाळी पोर्चमध्ये सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. बॅटरीची एक बाजू फुगली होती, झाकणाला हात लावला तर चटका बसला. दीड वर्षाची बॅटरी होती. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण ती वाचली असती.

गाडी बंद असली तरी सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ, इंजिनचा कॉम्प्युटर थोडा थोडा करंट घेतच असतात. समजा, 30 मिलीअँपिअर. दिवसाला 0.72 अँपिअर-अवर (बॅटरीतल्या साठ्याचं माप), म्हणजे महिन्याला जवळजवळ 22. छोट्या गाडीत बॅटरीच असते 35 अँपिअर-अवरची. दीड महिन्यात ती पार उतरते. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे जमतात आणि दिवस जातील तसे कडक होतात. कडक झालेला थर नंतर चार्ज करूनही पुरता निघत नाही. म्हणून मामांसारख्या, गाडी उभी ठेवून जाणाऱ्यांना चार्जर लागतोच. पण कुठला?

सगळ्यात मोठी चूक: मोठा चार्जर म्हणजे चांगला चार्जर

बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-अवरचा साधारण दहावा भाग, एवढाच करंट तिला मानवतो. 35 ची बॅटरी असेल तर साडेतीन-चार अँपिअरचा चार्जर, 65 ची असेल तर सहा-सात. रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात आणि ते लागू द्यावेत. गॅरेजवाल्याला गिऱ्हाईक लवकर सोडायचं असतं, म्हणून तो जास्त करंटवर टाकतो. घरी आपल्याला घाई नसते.

करंटपेक्षाही महत्त्वाचं आहे ते चार्जर कधी थांबतो हे. आम्ही आणलेला चार्जर नुसता ट्रान्सफॉर्मर होता. बॅटरी भरली तरी तो ढकलतच राहतो, व्होल्टेज 15-16 पर्यंत चढतं, आतलं पाणी उकळी आल्यासारखं बुडबुडून उडून जातं आणि प्लेटा उघड्या पडतात. चांगला स्मार्ट चार्जर आधी पूर्ण करंट देतो, 14.4 व्होल्टच्या आसपास पोचला की करंट हळूहळू कमी करतो आणि भरल्यावर साडेतेरा-पावणेचौदा व्होल्टवर धरून ठेवतो. याला फ्लोट म्हणतात. दुकानात जाल तेव्हा ‘फ्लोट आहे का?’ हा एकच प्रश्न आधी विचारा. गोव्याच्या उकाड्यात बॅटरी आधीच लवकर म्हातारी होते. त्यात रात्रभर जादा चार्जिंग म्हणजे तिचा जीवच घेणं.

फ्लोट असलेला चार्जर घेतलात तरी आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते. पावसात लाईट जाते आणि येते. काही चार्जर लाईट परत आल्यावर स्वतःहून सुरू होत नाहीत, बटण दाबायची वाट बघत बसतात. तुम्ही परदेशात आणि चार्जर जूनपासून बंद, असं होऊ नये. मागचा मोड लक्षात ठेवणाराच घ्या.

घरातला इन्व्हर्टर म्हणजे कारचा चार्जर नव्हे

हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. इन्व्हर्टर आहेच, तर त्याच्या वायरी कारच्या बॅटरीला लावायच्या. पण तो 150 अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटरीसाठी बनवलेला असतो आणि दहा-पंधरा अँपिअर सहज देतो. कारच्या छोट्या बॅटरीला तो मार सोसत नाही. स्कूटरची बॅटरी तर चार-पाच अँपिअर-अवरची, तिला कारचा चार्जरही जास्त होतो. तिच्यासाठी अर्ध्या अँपिअरचा वेगळा मोड लागतो.

डिचोली-साखळीकडच्या मंडळींनी आणखी एक बघावं. तिथल्या गॅरेजांत खाणीच्या ट्रकांचं काम होतं आणि ट्रकची सिस्टीम 24 व्होल्टची असते. चार्जरवर 12 आणि 24 चा खटका असेल तर लावण्यापूर्वी तो 12 वरच आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

बॅटरीचा प्रकारही वाचा. साधी, पाणी घालायची किंवा मेंटेनन्स-फ्री बॅटरी वेगळी, एजीएम (आतलं अ‍ॅसिड काचेच्या धाग्यांच्या थरात शोषलेली) वेगळी. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत बहुधा ईएफबी (साध्या बॅटरीचाच जास्त दणकट प्रकार) किंवा एजीएम असते. चार्जरवर तो मोड नसेल तर तो चार्जर तुमचा नाही. लिथियम बॅटरीचा मोड वरच्यांसारख्या लेड-अ‍ॅसिडला लावू नका. ‘रिपेअर’ नावाचं बटण असेल तर तेही सहज म्हणून दाबू नका. त्यात व्होल्टेज बरंच वर जातं, म्हणून बॅटरी गाडीतून सोडवल्याशिवाय नाहीच आणि एजीएमला तर नकोच.

चार्जर लावला आणि काहीच होत नाही?

नवा स्मार्ट चार्जर आणला, लावला, दिवाच पेटला नाही, म्हणून लोक तो बदलून आणतात. बहुतेक वेळा चार्जर ठीक असतो. बॅटरी इतकी उतरलेली असते की समोर बॅटरी आहे हेच त्याला कळत नाही. दुसरी चांगली 12 व्होल्टची बॅटरी जम्पर केबलने प्लसला प्लस, मायनसला मायनस अशी जोडा, चार्जर सुरू करा, काही मिनिटांनी दुसरी बॅटरी सोडवा. फुगलेल्या किंवा गळणाऱ्या बॅटरीवर मात्र हा प्रयोग मुळीच करू नका.

आपल्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड धरते. त्यावर चिमटे लावले तर करंट नीट जात नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करा, नंतर व्हॅसलिनचा हात फिरवा.

लावताना आधी लाल चिमटा प्लसला, मग काळा चिमटा बॅटरीपासून दूर इंजिनच्या उघड्या धातूला आणि सगळ्यात शेवटी प्लग. काढताना उलट, प्लग पहिला. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, एक ठिणगी पुरते. बंद गॅरेजपेक्षा उघडा पोर्च बरा, पण एक्स्टेन्शन बोर्ड पावसाच्या झडीत नको. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर भरा. आधी भरलं तर वर येऊन सांडतं. प्लेटा उघड्या दिसत असतील तरच आधी, तेही प्लेटा बुडतील एवढंच.

‘चार्जर कशाला, शेजाऱ्याला सांगू, रोज दहा मिनिटं गाडी चालू ठेव’ हेही कामाचं नाही. उभ्या गाडीत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) कमी करंट देतो, सेल्फने खाल्लेलं कसंबसं भरून निघतं. महिन्याची उतरण त्याने भरत नाही.

चार्ज झाल्यावर लगेच मीटर लावू नका, आकडा फसवा येतो. चार्जर काढून रात्रभर थांबा आणि सकाळी मोजा. 12.6 व्होल्टच्या वर असेल तर बॅटरी भरली. 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पूर्ण चार्ज करूनही साडेदहाच्या आसपासच अडकत असेल तर सहा सेलपैकी एक गेला. तो कुठल्याच चार्जरने परत येत नाही. ती दुकानात द्या, नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीचे पैसे वजा करून घ्या.