अलिबागला मित्रांसोबत विला घेताय? या चुका टाळा

ग्रुपवर पाच-सहा फोटो येतात. निळाशार पूल, मागे नारळ-पोफळीची बाग, खाली एक ओळ : 'सी टच, ४ बीएचके, १५ जण आरामात.' दहा मिनिटांत सगळे 'डन' म्हणून मोकळे होतात, कोणीतरी अ‍ॅडव्हान्स पाठवतो आणि विषय संपतो. खरं तर तिथूनच तो सुरू व्हायला हवा. विला हे हॉटेल नसतं. रिसेप्शन नाही, मॅनेजर नाही, रात्री अकराला फोन केल्यावर दुसरी खोली उघडून देणारं कोणी नाही. ते कोणाचं तरी घर आहे आणि ते सांभाळायला एक केअरटेकर आहे, एवढंच. किहीम, आवास, वरसोली, नागाव, कुठेही जा, बहुतेक तक्रारींचं मूळ या एका गैरसमजात सापडतं.

'सी टच' वाचून पैसे पाठवणं

ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेजवळ नवं बांधकाम करायला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमनाचे, कडक निर्बंध आहेत. २०११च्या अधिसूचनेत तर अशा भागांत तब्बल २०० मीटरचा पट्टा मोकळा सोडायला सांगितला होता. त्यामुळे पायरी उतरली की वाळू, असे विले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे वाडीत, सुरूच्या बनामागे किंवा थेट हमरस्त्याला लागून. जाहिरातीतला 'पाच मिनिटांवर समुद्र' गाडीने की चालत, हे विचारा. लोकेशनची पिन मागवा आणि नकाशावर किनाऱ्यापर्यंतची पायवाट स्वतः बघा. मध्ये कोणाची कुंपण घातलेली वाडी असेल तर वळसा पडतो.

पिन द्यायला टाळाटाळ करणारा माणूस दिसला की तिथेच थांबा. दुसऱ्याच्या विल्याचे फोटो उचलून, अर्ध्या भाड्यात दाखवून अ‍ॅडव्हान्स उकळण्याचे प्रकार सुटीच्या हंगामात सर्रास होतात. साधा उपाय म्हणजे व्हिडिओ कॉल. गेटपासून पूलापर्यंत चालत दाखवा म्हणायचं. यूपीआयवर दिसणारं नाव मालकाचं आहे का, तेही तपासा. फसलातच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

डोकी लपवणं

बारा जणांचं बुकिंग आणि शनिवारी दुपारी गेटवर तीन गाड्यांतून पंधरा जण उतरतात. केअरटेकर नजरेनेच मोजतो आणि म्हणतो, "दादा, मालकांनी बारा सांगितलेत." मग पाऊण तास फोनाफोनी. शेवटी माणशी जादा पैसे, शिवाय पातळ गाद्या. आकडा आधी खरा सांगितला तर हेच पैसे घासाघीस करून कमी होतात.

आकड्याबरोबर ग्रुप कसा आहे तेही सांगा. अनेक मालक नुसत्या मुलांच्या ग्रुपला घर देत नाहीत. मला हा नियम फारसा पटत नाही, पण घर त्यांचं आहे, आणि दारात वाद घालून तो बदलत नाही. ड्रायव्हर सोबत असेल तर त्याच्या झोपण्याची आणि जेवणाची सोयही आधीच विचारा. त्याची आठवण सगळ्यांना रात्री येते.

वीज आणि पाणी गृहीत धरणं

इथे थोडं खोलात जायला हवं, कारण विकेंडचा विचका बहुधा याच दोन गोष्टी करतात. 'बॅकअप आहे' या उत्तरावर समाधान मानू नका. बॅकअप म्हणजे इन्व्हर्टर की जनरेटर? इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, एसी चालत नाही. मे महिन्यातल्या दमट रात्री हा फरक कळतो. जनरेटर असेल तर डिझेल कोणाच्या खर्चाने, हा पुढचा प्रश्न. काही ठिकाणी एसी फक्त रात्री आठ ते सकाळी आठ चालू ठेवतात. तसं असेल तर दुपारी जेवून लवंडायचा बेत फसला.

पाण्याचं गणित वीजेशीच जोडलेलं आहे. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की वरची टाकी पंधरा जणांच्या आंघोळीत रिकामी. समुद्रावरून आल्यावर सगळे एकाच वेळी बाथरूमकडे धावतात, त्यामुळे बेडरूमपेक्षा बाथरूम किती, हे आधी विचारा. अंगावरची वाळू धुवायला बाहेर नळ आहे का, हेही. नसेल तर वाळू आत जाते, जाळी तुंबते आणि तो खर्च डिपॉझिटमधून कापला जातो. किनाऱ्यालगतच्या बोअरचं पाणी बऱ्याचदा मचूळ लागतं, म्हणून प्यायच्या पाण्याचे २० लिटरचे जार पोचायच्या आधी मागवून ठेवा.

जेवणाचा दर न ठरवणं

किचन दिसतं म्हणून ते वापरता येईलच असं नाही. बहुतेक ठिकाणी केअरटेकरच्या घरून जेवण येतं आणि ते हॉटेलपेक्षा चांगलं असतं. पण 'मासे बाजारभावाने' या दोन शब्दांत बिल दुप्पट करायची ताकद आहे. थाळीचा दर, सुरमईच्या तुकड्या किती, चहा-नाश्ता धरून की वेगळा, हे लिहून घ्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा ताटात येणारा पापलेट बहुधा बर्फातला असतो. त्यापेक्षा कोंबडी-वडे किंवा सुकटीची चटणी मागा.

भरतीची वेळ न बघता तारीख ठरवणं

किनाऱ्यावरची जुनी माणसं घड्याळाऐवजी तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उलट : भरती बाराच्या सुमाराला आणि संध्याकाळी पाणी दूर. मिनिटाचा हिशेब हवा असेल तर भरतीचा तक्ता दाखवणारं अ‍ॅप आहेच, पण अंदाज बांधायला ही रीत पुरते.

हे कळलं तर अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाता येतं, आणि मुख्य म्हणजे वेळेत परतता येतं. उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत पाणी झपाट्याने चढतं. वाळूवर गाडी घालणारे महाभाग दरवर्षी याच दिवसांत फसतात. चाक रुततं, भरती येते आणि मग ट्रॅक्टरवाल्याची मनधरणी सुरू होते. दारू पिऊन पाण्यात उतरायचं नाही, हे ग्रुपमध्ये आधीच बजावून ठेवा. विल्याच्या पूललाही तेच लागू, तिथे जीवरक्षक नसतो. लहान मुलं सोबत असतील तर पूलाची खोली आकड्यात विचारा.

पैशांचं 'नंतर बघू'

मैत्रीत खटके उडतात ते इथे. माझं मत विचाराल तर भाडं खोलीवर, जेवण माणशी आणि दारू पिणाऱ्यांत, अशी तीन वेगळी खाती ठेवावीत. एसी आणि बाल्कनीवाली खोली घेणाऱ्या जोडप्याने हॉलमध्ये झोपणाऱ्याइतकंच भाडं का द्यावं? बुकिंगआधी प्रत्येकाचा वाटा गोळा करा, आणि ऐनवेळी गळणाऱ्याचा वाटा परत मिळणार नाही, हेही तेव्हाच सांगून टाका.

सांगितलेल्या भाड्यात जीएसटी धरलाय का तेही विचारा. दिवसाला ७,५०० रुपयांच्या वरच्या भाड्यावर तो १८ टक्के आहे आणि बिल बघताना टोचतो.

गाव विसरणं

कुंपणापलीकडे माणसं राहतात आणि सकाळी कामावर जातात. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे. मालकाने 'चालतं इथे' म्हटलं तरी पोलीस आले की समोर तुम्ही असता.

निघायची घाई

गेटवे ते मांडवा लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो बोट गाडीसकट नेते, पण विकेंडला तिचं बुकिंग आधीच भरतं आणि हवामान बिघडलं की फेऱ्या रद्द होतात. बोट रद्द झाली म्हणून विल्याचे पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा तारीख पुढे ढकलता येईल का, हे अ‍ॅडव्हान्स देतानाच लेखी घ्या. रस्त्याने परतणार असाल तर वाटेत वडखळला रविवारी संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. दुपारच्या जेवणाआधी निघालेलं बरं, तसंही चेकआउट सकाळी दहा-अकराचंच असतं.

पण त्या घाईत डिपॉझिट विसरू नका. आल्या आल्या सगळ्या खोल्यांचा, टीव्हीचा, काचांचा आणि आधीच तुटलेल्या खुर्चीचा एक व्हिडिओ काढून मालकाला पाठवलेला असेल, तर निघताना वाद होत नाही. केअरटेकरला सोबत घेऊन एक फेरी मारा, जेवणाचं बिल वेगळं चुकतं करा आणि डिपॉझिट खात्यावर आल्याचा मेसेज बघूनच गाडी बाहेर काढा. 'संध्याकाळपर्यंत टाकतो' म्हणणाऱ्या मालकाची संध्याकाळ कधी कधी आठवडाभर होत नाही.