अँटीबॉडीची मोठी कुपी पुन्हा पुन्हा वितळवू नका

शुक्राणू घडताना लागणाऱ्या प्रोटामाइन या प्रथिनाला चिकटून ते रंगाने दाखवणारी अँटीबॉडी महाग, कुपीत जेमतेम १०० मायक्रोलिटर. नाशिकच्या मे महिन्यात दुपारी वीज गेली की ती फ्रीझरमध्ये वितळते, पुन्हा गोठते, आणि दर वेळी थोडी निकामी होते. मग उंदराच्या वृषणाच्या छेदावर (सूक्ष्मदर्शकासाठी कापलेल्या पातळ चकतीवर) रंग फिकाच येतो.

आल्या दिवशीच हे करा:

१. कुपी बर्फावर ठेवा. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा. झाकणाला एखादा थेंब चिकटलेला असतोच, आणि तो थेंब म्हणजे आपला एक प्रयोग!
२. १०-१० मायक्रोलिटरच्या नळ्या भरा. त्याहून कमी नको, नळीच्या भिंतीलाच वाया जाते.
३. नाव, लॉट (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक), तारीख लिहून उणे २० अंशांवर, अगदी आत ठेवा.

काढलेली नळी परत गोठवायची नाही. आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर टाळाच, बर्फ घालवायला तो स्वतःच मधूनमधून तापतो.