ईस्टर झाला, आता सोमवारपासून काय करायचं?

पुनरुत्थानाच्या दिवशी, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला त्या ईस्टरच्या रविवारी, चर्चमध्ये बसायला जागा मिळत नाही, पांढऱ्या साड्या, फुलं, "प्रभू उठला आहे" म्हटलं की सगळी मंडळी "खरोखर उठला आहे" म्हणून छत हलवते, आणि मग सोमवारी सकाळी सातला मी ड्युटीवर असते, तेच बेडपॅन, तीच सलाईनची बाटली, तेच नातेवाईक ज्यांना काल रात्रीपासून कुणी नीट काही सांगितलेलं नाही. मी स्टाफ नर्स आहे, 19 वर्षं झाली. त्यातली पहिली बरीच वर्षं मला कळायचंच नाही की रविवारचं ते "उठला आहे" सोमवारी नेमकं कुठं लावायचं. आता थोडंफार कळलंय म्हणून लिहितेय. पुनरुत्थान झालं याचे पुरावे मी मांडणार नाही, ते मांडणारे पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं मांडतात. ते झालं असं मनापासून धरणारा माणूस मंगळवारी दुपारी कसा वागतो, त्याबद्दल मला बोलायचंय.

सुरुवात त्या तीन बायांपासून करा. येशूच्या कबरेकडं गेलेल्या त्या, बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या 16व्या अध्यायात आहेत, मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, संपल्यावर त्यांनी सुगंधी द्रव्यं विकत घेतली आणि पहाटे कबरेकडं निघाल्या, कशासाठी तर मयताच्या अंगाला लावायला. म्हणजे बघा, माझंच काम! आणि वाटेत एकमेकींना विचारतायत की कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटणार. उत्तर कुणाकडंच नाही. पण एकही परत फिरली नाही, हे मला कितीतरी वर्षं दिसलंच नव्हतं.

तर करायचं काय, एक साधी वही घ्या, पानावर मधोमध रेघ मारा, एका बाजूला लिहा "माझं काम" आणि दुसऱ्या बाजूला "धोंड". माझ्या पप्पांना पॅरालिसिस झाला तेव्हा ही सवय लागली. माझं काम म्हणजे दिवसातून दोनदा हातापायाचे व्यायाम, दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला फोड येऊ न देणं. धोंड म्हणजे पप्पा परत चालतील का. आधी मी रात्रभर धोंडेचाच विचार करायचे आणि सकाळी व्यायाम करून घ्यायला अंगात जीवच नसायचा. वहीत वेगळं लिहायला लागल्यावर धोंडेच्या रकान्यासमोर बसून मी फक्त प्रार्थना करायची आणि दुसरा रकाना हातात घेऊन उठायचं. सकारात्मक विचार म्हणतात त्यातलं हे नाही. त्या बायांची धोंड विचारांनी सरकली नव्हती, त्या पोचायच्या आधी देवानं ती लोटलेली होती. आणि खरं तेही सांगते, पप्पा शेवटपर्यंत चालले नाहीत. तो रकाना तसाच राहिला, अजून उघडा आहे, आणि मी तो खोडलेला नाही.

आता शरीराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथं आपल्या मंडळींत सगळ्यात जास्त गोंधळ आहे. आपण पटकन म्हणून जातो, आत्मा गेला देवाकडं, आता राहिली ती नुसती कुडी. पण आपल्या विश्वासात तसं लिहिलेलंच नाही, आपला मतांगिकार, म्हणजे विश्वासाची कबुली, काढून बघा, "शरीराचे पुनरुत्थान" असं स्पष्ट आहे, दर रविवारी आपणच म्हणतो. येशू उठला तेव्हा शिष्यांना वाटलं भूत दिसतंय, तर त्यानं हातपाय दाखवले आणि विचारलं इथं खायला काही आहे का, आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला. हाताला जखमा तशाच होत्या. प्रेषित पौल बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात बियाण्याचा दाखला देतो, जे पेरतो ते आणि जे उगवतं ते दिसायला वेगळं, पण उगवतं त्याच्यातूनच. आमच्या नगरकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, बाजरीचं बी कुणी उकिरड्यावर फेकत नाही.

म्हणून घरात आजारी माणूस असेल तर त्याच्या अंगाला हात लावताना हे डोक्यात ठेवा. कूस बदलायच्या आधी नाव घेऊन सांगा, "पप्पा, आता डावीकडं वळवते हं." अंग पुसताना जेवढं पुसायचंय तेवढंच उघडं करा, बाकी चादरीनं झाका. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघा. नखं आंघोळीनंतर कापा, मऊ झालेली असतात, पायाची नखं सरळ कापा, कोपरे गोल करत बसू नका, आणि शुगर असेल तर जास्तच जपून. आणि मी वॉर्डात एखादा पेशंट गेल्यावर त्याचं सगळं आवरताना, डोळे मिटवताना, हनुवटी बांधताना, तसंच बोलत राहते, "काका, आता हात सरळ करते." नवीन मुली विचारतात, सिस्टर, त्यांना कुठं ऐकू येतंय. येत नाही, मला माहितीये. पण हे शरीर देव टाकून देणार नाहीये, मग मी त्याला टाकल्यासारखं कसं वागवू? 2021 मध्ये, कोविडमध्ये, जेव्हा घरच्यांना चेहरासुद्धा बघता येत नव्हता तेव्हा मी बॅग बंद करायच्या आधी प्रत्येकाच्या कपाळावर ग्लोव्ह्जच्या हातानं हात ठेवायचे, दुसरं काही करता येत नव्हतं.

याच मुद्द्यात स्वतःचं शरीरही येतं, म्हणून ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात बीपीशुगरच्या गोळ्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारून काय सोडायचं ते ठरवा. आणि दहनाबद्दल कुणी घाबरवत असेल तर घाबरू नका, पहिल्या शतकांत कितीतरी हुतात्मे जाळले गेले, त्यांना उठवायला देवाचं त्यामुळं काही अडत नाही.

दुसरी मोठी जागा म्हणजे मयताचं घर. इथं आपली ख्रिस्ती माणसं चांगल्या मनानं फार चुका करतात. "रडू नका, ते प्रभूकडं गेले, आनंद करा." असं म्हणू नका, कळकळीनं सांगते. येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशूला माहीत होतं की पाच मिनिटांत तो लाजरला बाहेर बोलावणार आहे, तरी तो रडला. आणि पौल थेस्सलनीकाकरांना दुःख करू नका असं म्हणतच नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका म्हणतो. आपण अर्धंच वाक्य घेऊन जातो आणि विधवेच्या तोंडावर मारतो.

त्यापेक्षा असं करा. गेल्यावर आधी बसा, शेजारी, जमिनीवर बसली असेल तर जमिनीवर. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, नाव टाळू नका, एखादी आठवण असेल तर सांगा, भले साधी असेल, "तुमचे मिस्टर संडे स्कूलला आम्हाला लिमलेटच्या गोळ्या द्यायचे." येशूसुद्धा लाजरच्या दोन बहिणींपैकी मार्थाशी बोलला आणि मरीयेबरोबर रडला, बहिणीबहिणींना वेगवेगळं लागतं, समोरच्याला काय हवंय ते बघा. वचन वाचायचं तर एकच, लहान, आणि विचारून. चहाचा थर्मास न्या, कप घरूनच न्या म्हणजे त्यांना धुवायला लागणार नाहीत. पिठलं-भाकरी, वरणभात, असलं साधं.

आणि सांत्वन सभा झाली की आपण गायब होतो ना, ते बंद करायचं. फोनमध्ये तारखा टाकून ठेवा, गेलेल्याचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला नाताळ. दोन महिन्यांनी, जेव्हा दारातल्या चपला कमी झालेल्या असतात, तेव्हा जा. आपण "प्रभूमध्ये झोपी गेले" म्हणतो ते नुसतं गोड बोलणं नाही, इंग्रजीतला सेमेटरी हा शब्दसुद्धा ग्रीकमधल्या झोपायच्या जागेवरून आलाय. ईस्टरला पहाटेच्या उपासनेला मंडळी दफनभूमीत जाते तिथं त्या घरच्यांना एकटं जाऊ देऊ नका, आपल्या मेणबत्तीवरून त्यांची पेटवून द्या आणि आदल्या दिवशी जाऊन कबरेवरचं गवत काढून या, विळा लागतो, हातानं निघत नाही.

दुःखात काम करायचं की नाही असं कुणी विचारलं तर मला पंडिता रमाबाई आठवतात. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर चाललं होतं, छापखाना तिथलाच, टाइप जुळवायला तिथल्याच बायका. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई स्वतः आजारी, कानाला ऐकू येत नाही, तरी काम पुढं चालू ठेवलं आणि 5 एप्रिल 1922 ला गेल्या त्या ते भाषांतर पुरं करून. पौलाच्या त्या 15व्या अध्यायात 58 ओव्या आहेत आणि शेवटची काय सांगते तर प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. सगळा अध्याय मरण, कर्णा, अविनाशीपण, आणि शेवट श्रमावर.

आणि तिथं थांबू नका! पान उलटा. 16व्या अध्यायाची पहिलीच ओळ वर्गणीबद्दल आहे. पौलानं अध्याय पाडले नव्हते, ते नंतर पाडले गेले, त्याच्या पत्रात "मरणा, तुझा विजय कोठे" नंतर चार ओळींत यरुशलेमातल्या गरिबांसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी पैसे बाजूला काढून ठेवा हे येतं. म्हणून घरात एक डबा ठेवा, बोर्नव्हिटाचा रिकामा चालतो, दर रविवारी सकाळी चहाच्या आधी त्यात टाका, वीस रुपये टाका, पण रविवारीच आणि ठरवून, महिनाअखेरीला उरलं तर देऊ असं नको. महिन्याला उघडून ज्याला द्यायचंय त्याला द्या, कुणाच्या औषधाला, कुणाच्या फीला, नाव न सांगता.

रविवारी ड्युटी असते म्हणून हळहळणाऱ्यांसाठी पण सांगते, मीही रडलेय त्यावरून. रोमन राज्यात रविवारची सुट्टी 321 साली आली, त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षं आपली माणसं कामाच्या दिवशीच जमत होती. साधारण 112 साली प्लिनी नावाचा अधिकारी बादशहाला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत एकत्र येऊन ख्रिस्ताला गीत गातात. उजाडायच्या आत, बहुधा नंतर कामाला जायचं म्हणून. आम्ही तिघी सिस्टर रविवारी पावणेसातला चेंजिंग रूममध्ये एक कडवं म्हणतो आणि हँडओव्हर घ्यायला जातो, एवढंच.

कुणाशी बोलणं बंद असेल तर योहानाचा 21वा अध्याय वाचा. येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र यानं त्याला नाकारलं ते कोळशाच्या शेकोटीपाशी, आणि उठलेल्या येशूनं समुद्रकाठी त्याच्यासाठी परत कोळशाचाच विस्तव पेटवला, मासे भाजले, भाकर ठेवली. आधी न्याहारी झाली, मग प्रश्न. तुम्हीही आधी जेवायला बोलवा, हिशेब पहिल्या दिवशी काढू नका.

आणि विश्वास बसत नसेल त्या आठवड्यात थोमासारखं करा. हा येशूचा शिष्य, येशू उठला हे मानत नव्हता, तोंडावर सांगितलं की मानत नाही, पण आठ दिवसांनी तो त्याच घरात बाकीच्यांबरोबर होता. त्याला कुणी हाकललं नाही आणि तो स्वतः निघून गेला नाही. पप्पा गेल्यावर मी चार महिने गाणी म्हणू शकले नाही, फक्त जाऊन मागच्या बाकावर बसायचे, शेजारची मावशी माझ्या वाटचं म्हणायची. तेवढं चालतं.

मुलांना हे सगळं कसं सांगायचं असं बऱ्याच आया विचारतात. भाषण देऊ नका, मेथी पेरा. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, दुपारी एक पसरट डबा घ्या, तळाला खिळ्यानं भोकं पाडा, चार बोटं माती भरा. मेथीदाणे आदल्या रात्री भिजवलेले असावेत. मुलांच्याच हातानं पेरायचं आणि वर पातळ मातीचा थर, इतका की दाणा दिसायला नको, मुलं ओरडतात की दिसत नाहीये, दिसू देऊ नका. एप्रिलचं ऊन असतं त्यामुळं सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर दाणे कुजतात. मधे उकरून बघायची परवानगी नाही. तीन-चार दिवसांत माती ठिकठिकाणी तडकते, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आराधना करून आल्यावर ती दाखवा. दाणे जुने असतील तर उगवणार नाहीत, म्हणून आधी चार दाणे ओल्या रुमालात घालून तपासून घ्या. ईस्टरच्या दुपारपर्यंत बोटभर होते, मुलांनाच कात्रीनं कापायला सांगा आणि वरणाला फोडणी देताना त्यात टाका, लहानग्याला पहिलं वाढा.