दोनशे एफपीएस असूनही गोळी उशिरा सुटते तेव्हा

"अक्का, दोनशे एफपीएस दाखवायलंय, पण गोळी उशिरा सुटायलीय." सोलापुरात अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंत ज्या पोरांना मी पीसी जोडून देते, त्यांची ही ठरलेली तक्रार. आणि ती खरी असते. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं तयार झाली. माऊसचं बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम स्क्रीनवर दिसेपर्यंत किती वेळ गेला, हे तो आकडा सांगत नाही. त्या वेळेला लेटन्सी म्हणतात. खालची सगळी खटपट तो वेळ कमी करण्यासाठी आहे, चित्र देखणं करण्यासाठी नाही.

सुरुवातीला एक खात्री करून घ्या. गेमच्या सरावाच्या मैदानात जा आणि माऊस झटकन फिरवा. तिथेही हात पुढे, चित्र मागे असं वाटलं तर दोष पीसीत किंवा मॉनिटरमध्ये आहे. मैदानात सगळं ठीक आणि मॅचमध्येच गडबड होत असेल तर ते बहुधा पिंगचं, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचं, दुखणं. त्याला ही सेटिंग्ज लावून फरक पडणार नाही. वाय-फाय सोडून लॅनची वायर लावा.

आता पीसीच्या मागे वाकून बघा. मॉनिटरची वायर वरच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी उभ्या रांगेत खोचलेली असेल तर ती मदरबोर्डात आहे. ग्राफिक्स कार्डाचे पोर्ट त्याच्या खाली, आडव्या पट्टीत असतात. वायर तिथेच हवी. शक्यतो डिस्प्लेपोर्टची घ्या, कारण कित्येक मॉनिटरना १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणं) त्यावरच मिळतं आणि एचडीएमआयवर ते ६०, ७५ किंवा १२० ला अडकतात. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे हाच हर्ट्झचा आकडा, निवडा. हे दर वेळी आपोआप होत नाही. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन महिनोन्‌महिने ६० वर खेळणारे कितीतरी जण मी पाहिलेत, आणि पैसे घरच्यांनी पोटाला चिमटा काढून दिलेले असतात म्हणून मला त्याचं फार वाईट वाटतं. ६० हर्ट्झवर एक चित्र स्क्रीनवर १६.७ मिलिसेकंद राहतं, १४४ वर ६.९ आणि २४० वर ४.२. म्हणजे ६० वरून १४४ ला गेल्यावर जे मिळतं, त्याच्या पावपट फायदा पुढच्या उडीत मिळतो. बजेट तंग असेल तर १४४ च्या पुढे जाऊ नका.

यापुढचं नीट वाचा, कारण बहुतेकांचा उशीर इथेच साठलेला असतो. प्रोसेसर एकेका चित्राची तयारी करून ग्राफिक्स कार्डाकडे देतो आणि कार्ड ते रंगवतं. कार्ड ९९ टक्के वापरात असेल तर प्रोसेसर त्याच्या पुढे धावतो आणि तयार काम रांगेत साचतं. डायरेक्टएक्स ११ मध्ये (गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) मुळात ३ चित्रांपर्यंत रांग लागू शकते. खानावळीत तीन भाकऱ्या आधीच थापून ठेवल्यात आणि तुम्ही आत्ता "जरा पातळ करा" म्हणालात, तर पातळ भाकरी ताटात चौथीच येणार. तुमच्या क्लिकचंही तेच होतं. ६० एफपीएसवर ३ चित्रांची रांग म्हणजे ५० मिलिसेकंद.

ही रांग मोडायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे एनव्हिडिया रिफ्लेक्स. २०२० मध्ये आलेली ही सोय जीटीएक्स ९०० मालिकेपासूनच्या कार्डांवर चालते, म्हणजे आपल्याकडे घरोघरी असलेल्या जीटीएक्स १६५० वरही. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, फोर्टनाइट, एपेक्स लेजंड्स या गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्येच ती सापडते. तिच्यात 'ऑन' आणि 'ऑन + बूस्ट' असे पर्याय आहेत. बूस्टमुळे कार्डाचा वेग सतत चढा राहतो, वीज जास्त जाते, उष्णताही वाढते. मी 'ऑन'वरच ठेवते. एएमडीचं कार्ड असेल तर ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) अशीच अँटी-लॅग नावाची सोय आहे. मात्र कुठल्याही गेममध्ये घुसून बदल करणारी सोय जपून वापरा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एएमडीच्या अँटी-लॅग प्लसमुळे काउंटर-स्ट्राइक २ मध्ये खेळाडूंवर बंदी आली होती, आणि कंपनीला ती सोय मागे घ्यावी लागली.

दुसरा मार्ग रिफ्लेक्स नसलेल्या गेमसाठी, आणि माझा त्याच्यावर जास्त भरवसा आहे: एफपीएसला मर्यादा घाला. पोरं ऐकायला तयार नसतात. "दोनशे मिळतात तर दीडशे का घेऊ?" कारण दोनशेवर कार्ड ९९ टक्के भरलेलं असतं आणि रांग लागते. दीडशेवर कार्डाला दम घ्यायला जागा राहते आणि रांग लागतच नाही. एनव्हिडियाच्या ओव्हरलेत (गेमवरच आकडे दाखवणाऱ्या पट्टीत) ऑल्ट आणि आर दाबा, कार्डाचा वापर दिसेल. धूर, स्फोट, चार-पाच जण एकाच वेळी समोर, अशा सगळ्यात जड प्रसंगातही वापर ९५ टक्क्यांच्या खाली राहील इतकी मर्यादा ठेवा. ती गेमच्या आतल्याच पर्यायाने घाला, ड्रायव्हरच्या मर्यादेपेक्षा त्यात उशीर सहसा कमी होतो. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधल्या 'लो लेटन्सी मोड'ला 'अल्ट्रा' करून बरेच जण निर्धास्त होतात, पण डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन (तसाच दुसरा दुवा) वापरणाऱ्या गेममध्ये रांग गेमच्याच हातात असते. तिथे त्या बटणाचा उपयोग नाही.

व्ही-सिंक म्हणजे मॉनिटरची पाळी येईपर्यंत तयार चित्र थांबवून ठेवणं. त्याबद्दल सरसकट "बंद करा" म्हणणं अर्धवट आहे. साधा मॉनिटर असेल तर हो, बंद करा. चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसेल, पण १४४ हर्ट्झवर डोळ्याला ते फार टोचत नाही. मॉनिटर फ्रीसिंक किंवा जी-सिंक (कार्डाच्या वेगाप्रमाणे स्वतःचा वेग बदलणारा) असेल तर मी असं लावते: मॉनिटरच्या मेनूत ती सोय चालू, कंट्रोल पॅनेलमध्ये व्ही-सिंक चालू, गेममध्ये व्ही-सिंक बंद आणि मर्यादा रिफ्रेश रेटपेक्षा थोडी खाली, १४४ ला १४१. मर्यादेमुळे एफपीएस छताला टेकत नाही, त्यामुळे व्ही-सिंकची वाट पाहण्याची वेळच येत नाही आणि चित्रही फाटत नाही. रिफ्लेक्स चालू असेल तर हीच मर्यादा तो स्वतःच १३८ वर आणतो.

गेमच्या ग्राफिक्समध्ये सावल्या, अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) आणि इफेक्ट खाली आणा. टेक्स्चर कमी करून गेम गढूळ करू नका; व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) पुरत असेल तर त्याने उशीर घटत नाही. मोशन ब्लर बंद. फ्रेम जनरेशन स्पर्धेच्या गेममध्ये अजिबात नको, कारण दोन चित्रांच्या मधलं चित्र बनवायला पुढचं चित्र रोखून धरावं लागतं. आकडा फुगतो आणि हात जड होतो. माऊसचा पोलिंग रेट १००० करा: १२५ वर तो ८ मिलिसेकंदांनी एकदा बोलतो, १००० वर दर मिलिसेकंदाला.

मॉनिटरच्या मेनूत 'ओव्हरड्राइव्ह' किंवा 'रिस्पॉन्स टाइम' असतो, स्क्रीनवरचे ठिपके रंग किती चटकन बदलतात ते ठरवणारा. सगळ्यात वरचा पर्याय निवडायचा मोह होतो. तो लावला की हलणाऱ्या माणसाच्या मागे फिकट कड उमटते. म्हणून मधला ठेवा. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड लावल्याशिवाय बाकी काहीच करू नका, कारण चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात टीव्ही एकटाच इतका वेळ खातो की वरची सगळी मेहनत वाया जाते.

सोलापूरसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आमच्या घरात खाली माग आहेत, वर पत्र्याची खोली. एप्रिल-मे मध्ये बाहेर चाळिशीच्या वर पारा आणि आत सुताचे तंतू उडत असतात. ते कार्डाच्या पंख्यातून आत जातात आणि हीटसिंकच्या पात्यांवर पांढरा, नमदा घातल्यासारखा थर बसतो. बाहेरून पंखा फिरताना दिसतो, पण हवा आरपार जात नाही. कार्ड ८३ अंशांच्या आसपास पोचलं की एनव्हिडियाची बरीच मॉडेल स्वतःचा वेग उतरवतात, वापर पुन्हा ९९ टक्क्यांवर जातो आणि रांग लागते. मागाच्या घरात पीसी असेल तर तो जमिनीवर ठेवू नका, आणि उन्हाळ्याआधी कार्ड काढून ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. एफपीएसची मर्यादा इथेही कामाला येते, कार्ड कमी तापतं.

फोनवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) खेळणाऱ्यांनी ग्राफिक्स 'स्मूद' आणि फ्रेम रेट फोन देईल तेवढा वर ठेवावा. फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्येही ९० किंवा १२० हर्ट्झ चालू आहे का ते बघा, आणि चार्जिंगला लावून खेळू नका.

फरक पडला की मनाचा खेळ, हे मोजता येतं. फोनचा २४० एफपीएसचा स्लो-मोशन लावा आणि माऊस व स्क्रीन दोन्ही एकाच चौकटीत घ्या. सरावाच्या मैदानात पाच-सहा गोळ्या झाडा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत, बोट बटणावर टेकल्यापासून बंदुकीच्या तोंडाशी उजेड दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद, म्हणून १२ फ्रेम आल्या तर ५० मिलिसेकंद. एका वेळी एकच सेटिंग बदला, पुन्हा मोजा आणि सरासरी वहीत लिहा. ड्रायव्हर अपडेट झाल्यावर किंवा मॉनिटरची वायर काढून लावल्यावर रिफ्रेश रेट कधी कधी परत ६० वर जातो, म्हणून तेवढं पहिल्यांदा तपासा.